फिरलेली मान

गोंदियाजवळ, कुडव्याच्या पुढे मुरमाचं एक टेकाड आहे. वर्षापूर्वी तिथे बोरीची झुडपं आणि दोन-चार शेळ्या सोडल्या तर काही नव्हतं. आता दर रविवारी आणि बुधवारी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं येतात, नारळवाला येतो, भजीवाला येतो, आणि ज्यांच्या घरातलं कोणी वेड्यासारखं वागायला लागलंय अशी सगळी दुःखी माणसं येतात.

त्या रविवारी मांडवात सात-आठशे माणूस होतं, आणि सगळ्यांचे डोळे ओट्यावर बसवलेल्या एका तरुणाकडे लागले होते. त्याची मान आपोआप वळत चालली होती. कोणी हात लावलेला नव्हता, तरी हनुवटी खांद्यापर्यंत गेली, खांद्याच्याही मागे गेली. डोळे वर चढले, बुबुळं दिसेनाशी झाली, जबडा एका अंगाला सरकला. बायांनी तोंडाला पदर लावले.

"बोल, कौन है तू?" जोतवाले महाराज कडाडले. अंगात लाल कफनी, हातात मोरपिसांचा झाडू, आणि समोर अखंड तेवणारी माईची जोत. "पीपलवाली है, के तालाबवाली?"

तरुणाच्या तोंडात जीभ जाड झाली होती. "आँ... आँ..." एवढाच आवाज निघाला.

"तालाबवाली!" महाराजांनी परस्पर निकाल देऊन टाकला. भुताला स्वतःचा पत्ता सांगायचीही सोय नव्हती. "सुनो सब लोग! ज्याची मान फिरली, त्याचं भूत निघून राहिलं. डॉक्टर के पास मशीन है, मेरे पास माई है. मशीनले लाइट लागते, माईले लागत नाई!"

मग त्यांनी एका तांब्याच्या लोटीतून त्या तरुणाला तीर्थ पाजलं आणि आरती सुरू झाली. एक झाली, दुसरी झाली. झांजा, डफ, टाळ्या. पाऊण तास सगळा मांडव गात होता. आणि पाऊण तासाने, काय सांगावं, तरुणाची मान हळूहळू सरळ झाली. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि आपल्या आईकडे बघून तो रडायला लागला.

"जय माई!" सात-आठशे गळे एकदम उठले. त्यात लीलाधरचाही गळा होता.

लीलाधर हा अर्जुनी मोरगावकडचा शेतकरी. त्याच्या खापरपणज्याने गावचा तलाव बांधला असं गाव सांगतं, आणि पाळीवरच्या, म्हणजे त्याच्या बांधावरच्या, प्रत्येक दगडाची ओळख त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. माणूस हुशार, बारावी शिकलेला, पेपर वाचणारा. असले महाराज त्याने आजवर पानाच्या ठेल्यावर बसून हसण्यावारी नेले होते. पण हसणाऱ्याच्या घरात आग लागलेली नसते. आता त्याच्या शेजारी चटईवर त्याची धाकटी बहीण चेतना बसली होती, आणि तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

चेतनाला तिरोड्याकडे दिली होती. तीन महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली, खुशी. पहिले दोन महिने सगळं ठीक होतं. मग तिची झोप गेली. सात-आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. एक दिवस म्हणाली, हे लेकरू माझं नाही, कोणीतरी बदललंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, माझ्या दुधात विष आहे. तिला कानात कोणीतरी बोलताना ऐकू येत होतं, आणि ते सारखं एकच सांगत होतं की तू मर म्हणजे पोरगी वाचेल. तिसऱ्या दिवशी ती विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. नवरा भुपेंद्र एका कंपनीत ठेक्यावर कामाला. त्याने घाबरून मेहुण्याला फोन केला, आणि लेकरू सासूजवळ ठेवून दोघांनी मिळून बुधवारी दुपारी तिला गोंदियाच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे जे झालं ते लीलाधरला आजही आठवलं की घास गिळवत नाही.

तातडीच्या विभागाच्या दारातच गार्डने विचारलं, "क्या केस है?" भुपेंद्र अडखळत सांगायला लागला तसा गार्ड आत बघून ओरडला, "मेंटल केस है, साइड में लो!" बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. एकाने मोबाइल वर धरला. चेतनाला व्हरांड्यातल्या एका लोखंडी खाटेवर टाकलं, आणि ती उठून पळायला लागली म्हणून पट्टीच्या कापडाने तिचे दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधले. एका बाजूला अपघातातला पाय मोडलेला माणूस कण्हत होता, दुसऱ्या बाजूला साप चावलेली म्हातारी. डॉक्टर पोरगेलासा, एकटा, तीस पेशंटांमध्ये धावत होता. तो वाईट नव्हता. पण चेतनाजवळ तो आला तेव्हा तिच्याशी बोललाच नाही. "किती दिवसांपासून?" हे त्याने लीलाधरला विचारलं, "आधी कधी झालं होतं?" हे भुपेंद्रला. मनाचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात म्हणाला, तोवर सुई देऊन ठेवतो.

चेतनाने तीनदा पाणी मागितलं. लेकराची पाजायची वेळ उलटून गेली होती, तिचं दूध पोलक्यातून ठिबकत होतं, सगळं अंग ओलं झालं होतं, आणि हात बांधलेले असल्यामुळे तिला पदरही ओढून घेता येत नव्हता. लीलाधरने आपल्या खांद्यावरचा दुपट्टा तिच्यावर टाकला. तो टाकताना तिच्या डोळ्यांत त्याने जे पाहिलं, ते पाहून त्याने मनात ठरवलं की इथे बहीण ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भुपेंद्र कामावर गेलेला असताना, तिच्या औषधासाठी त्याला बाहेरच्या मेडिकलवर पाठवलं. तो परत आला तेव्हा चेतनाचे हात सोडलेले होते आणि ती उशीला टेकून शांत बसली होती. मधल्या वेळात काय झालं ते त्याने विचारलं नाही. "हिले घेऊन चाललो," असं त्याने काउंटरवर सांगितलं, आणि स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे अशा कागदावर सही ठोकली. तो गुरुवार होता. एक दिवस थांबला असता तर शुक्रवारी मनाचे डॉक्टर आले असते. ही गोष्ट तो पुढे आयुष्यभर विसरणार नव्हता.

आता पुढे दुष्काळात तेरावा महिना. सासू शकुंतलाबाई दारातच आडव्या आल्या. "दवाखान्यातून आणली म्हणजे बरी झाली का? हिले बाहेरचं हाये. उतरल्याबिगर लेकरू हिच्या हाती देणार नाई. जोतवाल्याकडे न्या. महाराज म्हणतील उतरलं, तवा मी सोता पोरगी आणून हिच्या मांडीवर ठेवतो." भुपेंद्र खाली मान घालून उभा राहिला. आईपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं.

म्हणून लीलाधर टेकाडावर आला होता. आणि खरं सांगायचं तर, महाराजांनी त्याला पहिल्या पाच मिनिटांतच जिंकलं होतं, फिरलेली मान बघण्याच्याही आधी. महाराज ओट्यावरून उतरून चेतनाच्या पुढ्यात खाली जमिनीवर बसले होते. "नाव काय माय तुझं?" त्यांनी विचारलं. "जेवलीस का?" चेतनाने मान हलवली. महाराजांनी स्वतः ताट मागवलं आणि ती चार घास खाईपर्यंत ते तिथेच बसून राहिले. लीलाधरला रडू आवरलं नाही. अख्ख्या दवाखान्यात एकानेही तिला नाव विचारलं नव्हतं, असं त्याला त्या वेळी वाटत होतं.

रीत अशी होती. आलेल्या माणसाने तीन दिवस बैठकीला बसायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ पितळी लोटीतलं तीर्थ प्यायचं. त्यात ज्याची मान फिरेल त्याला बारीच्या दिवशी, म्हणजे रविवारी किंवा बुधवारी, ओट्यावर घ्यायचं आणि सगळ्यांसमक्ष भूत काढायचं. ज्यांची मान फिरत नाही ते सुस्त होऊन पडून राहत. त्यांचं भूत झोपलं असं महाराज सांगत, आणि तेही घरच्यांना चालत असे.

चेतनाने रविवारी तीर्थ घेतलं, सोमवारी घेतलं. रविवारच्या रात्री ती झोपली. कितीतरी दिवसांनी झोपली. लीलाधरने जोतीला दोन्ही हात जोडले.

सोमवारी संध्याकाळी तिने त्याला जवळ बोलावलं. तिचा जबडा थोडा ताठल्यासारखा होता, बोलणं जड येत होतं.

"दादा, यात औषध हाये."

"कशात?"

"तीर्थात. दवाखान्यातली सुई दिली होती ना, तेच हाये हे. त्या सुईनं दुसऱ्या दिवशी माही मान फिरली होती. तू मेडिकलवर गेल्ता तवा. डोळे वर गेले, जीभ जाड झाली. मले वाटलं मी आता मेली. मग रीता नावाची सिस्टर आली. तिनं हात सोडले, माहा जबडा धरला अन्‌ म्हणाली, भिऊ नको, भूतबित काही नाई, हा सुईचा त्रास हाये, काहीजणांले होते. दुसरी सुई देतो, पंधरा मिनिटात मान सरळ होते. अन्‌ झाली दादा. आता तसाच जबडा धरून राहिला. ते रविवारचं पोरगं पाहिलं ना तू? तशीच."

लीलाधर तिच्याकडे बघत राहिला. दहा दिवसांपासून ही बाई काय सांगत होती? दुधात विष आहे. लेकरू बदललं. आणि आता, तीर्थात औषध आहे. त्याला वाटलं, आजारच बोलतोय.

"चेतना, असं बोलू नको कोणापाशी. बुधवारी खुशीले आणून राहिले. दोन दिवस चूप राहा."

"मले मालूम हाये मी बरी नाई," ती म्हणाली. "कानात अजून बी आवाज येते. पण हे आवाजानं नाई सांगितलं. हे मी सांगून राहिली."

हे वाक्य त्याला टोचलं. त्याचे वडील, मनिरामजी, गेल्या साली वारले. तलावाच्या पाळीतून खाली शेतात पाणी पाझरायला लागलं की गावकरी ओल्या जागेवर माती टाकायला धावत. मनिरामजी त्यांना हाकलून देत. "पाणी निघते तिथं काय पाहता? शिरते कुठून ते पाहा," असं म्हणत ते तलावात उतरायचे, धानाचा मूठ-मूठ कोंडा पाण्यावर सोडायचे आणि स्वस्थ बघत बसायचे. जिथे भोक असेल तिथे कोंडा गोल फिरून आत ओढला जायचा. वाद नाही, भांडण नाही. कोंडा खोटं बोलत नाही, असं ते म्हणत.

लीलाधरने वाद केला नाही. बहिणीचा गैरसमज दूर व्हावा म्हणून, असंच तो स्वतःला सांगत होता, त्याने त्या संध्याकाळपासून तिच्या वाट्याचं तीर्थ स्वतः प्यायला सुरुवात केली. वाटणाऱ्या चेल्याची पाठ वळली की तिची द्रोणाएवढी वाटी तो एका घोटात रिकामी करी. चव नव्हती, वास नव्हता. पाणीच होतं. त्याला हायसं वाटलं. मंगळवारी दिवसभर त्याला झापड येत राहिली, पण ती जागरणाची आहे अशी त्याने समजूत करून घेतली. बुधवारी सकाळी पाचवी वाटी पोटात गेली.

बुधवारी दहा वाजता शकुंतलाबाई आल्या. काखेत खुशी, मागे भुपेंद्र. त्या ओट्यापासून वीस पावलांवर बसल्या. खुशीच्या अंगात पिवळं झबलं होतं. चेतनाने तिला लांबूनच पाहिलं आणि तिचं पोलकं पुन्हा ओलं झालं. चार-सहा दिवसांत दूध कमी झालं होतं, पण होतं.

"दोन घंटे," लीलाधर तिच्या कानाशी म्हणाला. "फक्त दोन घंटे काई बोलू नको. महाराज तुले उतरली म्हणतील अन्‌ पोरगी मांडीवर येईल."

चेतनाने मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं. या जगात तिला दुसरं काहीच नको होतं.

पण पहिली बारी डिंपलची होती. सडक अर्जुनीकडच्या सुकरामची सतरा वर्षांची पोरगी, बारावीच्या परीक्षेनंतर बोलेनाशी झालेली. तिची मान सकाळीच फिरली होती. बापाने तिला उचलून ओट्यावर ठेवलं, आणि तो आनंदाने हात जोडत होता, कारण मान फिरली म्हणजे सुटका झाली.

"बोल, कौन है तू?" महाराज सुरू झाले.

डिंपलच्या घशातून शिट्टीसारखा आवाज निघाला. मान पार मागे गेली होती, जीभ दातांबाहेर. महाराजांनी तांब्याची लोटी तोंडाला लावली, पाणी आत गेलंच नाही, गालांवरून ओघळलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. शिट्टी बारीक झाली. ओठांचा रंग बदलायला लागला. महाराजांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ते लीलाधरने पाहिलं, कारण पाळ फुटायच्या आधी राखणदाराच्या तोंडावर जे दिसतं ते त्याच्या ओळखीचं होतं. पण गडी पक्का. तो फिरून गर्दीकडे वळला. "बहुत जिद्दी है! तीन भुतं हायेत हिच्यात! आरती म्हणा, जोरानं!"

झांजा वाजायला लागल्या. चेतनाने एकदा पिवळ्या झबल्याकडे पाहिलं. मग ती उठली.

"आरती बंद करा!" ती ओरडली. "तिले श्वास येऊन नाई राहिला! हे भूत नाई, औषधाचा त्रास हाये! याने पाण्यात दवाई टाकली! दवाखान्यात न्या तिले, एका सुईनं सरळ होते, माही झाली होती!"

झांजा थांबल्या. आणि मग महाराज हसले. "ऐकलं? ऐकलं का बाप्पा? कोण बोलून राहिलं हे? जोत पाहून तालाबवाली जागी झाली!"

झालं. सात-आठशे माणसांना एवढंच हवं होतं. "पागल हाये." "धरा तिले." शकुंतलाबाई ताडकन उठल्या, खुशीला छातीशी घट्ट धरलं आणि "म्हटलं होतं ना मी, म्हटलं होतं ना" करत मांडवाबाहेर निघाल्या, मागोमाग भुपेंद्र. चेतनाने ते पाहिलं. पण ती लेकराच्या मागे गेली नाही. ती ओट्यावर चढली, डिंपलला कुशीवर वळवलं आणि तिचा जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दोन चेले तिला ओढायला धावले. लीलाधर मध्ये पडला. "सोडा तिले," असं त्याला म्हणायचं होतं. पण शब्द निघाला नाही. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. जबडा डावीकडे सरकत होता, आणि त्याची मान, बत्तीस वर्षं सरळ असलेली, कुठल्याही पिंपळाखाली कधी न झोपलेली मान, त्याच्या मर्जीविरुद्ध खांद्यामागे वळायला लागली. वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातून त्याला फक्त मांडवाचं छत दिसत होतं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं, आणि बहिणीला काय वाटलं असेल हेही कळलं.

"देखो! भावात शिरली!" महाराजांनी तेही वापरलं. ठगाला उत्तराची कधी कमी पडत नाही.

पण सुकराम आता महाराजांकडे बघत नव्हता. तो आपल्या पोरीच्या निळ्या ओठांकडे बघत होता. "बाई," तो चेतनाला म्हणाला, "एका सुईनं होते म्हणते तू?"

"माही झाली."

सुकरामने पोरीला खांद्यावर टाकलं. शेजाऱ्याची पिकअप खालीच उभी होती.

गाडीत चेतना डिंपलला कुशीवर धरून बसली, आणि मान फिरलेला भाऊ तिच्या गुडघ्याला टेकून. कुडवा मागे पडलं, गोंदियाचा रस्ता लागला, आणि आपण कुठे चाललोय हे कळून तिने पदराची गाठ चाचपली. तोच दवाखाना. तेच दार.

गार्डने तिला ओळखलं. "अरे, ये तो वही मेंटलवाली है."

"हो, तीच," चेतना म्हणाली. "पण पेशंट मी नाई. आधी ही पोरगी. तिले श्वास येत नाई. रीता सिस्टरले बोलवा." आणि तिने पदराच्या गाठीतून एक घामेजलेला कागद काढला. पहिल्या वेळचा केसपेपर. त्यावर रीता सिस्टरने दोन इंजेक्शनांची नावं लिहून ठेवली होती, मान फिरवणाऱ्याचं आणि सरळ करणाऱ्याचं, आणि सांगितलं होतं की कुठंही गेलीस तर हा दाखव.

तोच पोरगेला डॉक्टर धावत आला. त्याने कागद वाचला, डिंपलकडे पाहिलं, लीलाधरकडे पाहिलं. "दोघांनी काय घेतलं?"

"तीर्थ," सुकराम म्हणाला.

डॉक्टरने आणखी काही विचारलं नाही. डिंपलच्या तोंडाला ऑक्सिजन लागला, दंडात सुई गेली. दुसरी सुई लीलाधरला. रीता सिस्टर डिंपलजवळ बसून मोजत राहिली. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. आरती नव्हती, डफ नव्हता, मोरपीस नव्हतं. नवव्या मिनिटाला शिट्टी थांबली. पंधराव्या मिनिटाला दोघांच्याही माना सरळ झाल्या.

सुकराम खाली बसला आणि त्याने कपाळ भिंतीला टेकलं. "अन्‌ आम्ही तिथं जय माई म्हणून राहिलो होतो," तो म्हणाला.

महाराजांची भांडाफोड मग पोलिसांनी केली. जोतीच्या तेलाच्या डब्यामागे थेंबाथेंबाने द्यायच्या औषधाच्या बाटल्या निघाल्या, खरवडून काढलेल्या लेबलांच्या. हे औषध खरंच मनाच्या आजाराचं आहे. चव नाही, वास नाही. डॉक्टर मोजून देतात आणि लक्ष ठेवतात. महाराज लोटीत ओतत. म्हणून काही माणसं शांत होत, काही झोपत, आणि काही जणांची, त्यातही तरुणांची, मान अशी फिरे. तांब्याच्या लोटीत मान सरळ करणाऱ्या गोळ्या कुटून घातलेल्या असत. त्या गोळीचा गुण यायला पाऊण तास लागतो, म्हणून आरत्याही पाऊण तासाच्या. भूत घालायचं पितळी लोटीतून आणि काढायचं तांब्याच्या लोटीतून. महाराज पूर्वी परराज्यात एका मनाच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. एवढा सगळा चमत्कार त्यांनी दवाखान्यातूनच चोरून आणला होता.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी खोटी होईल.

त्या दुपारी डिंपल झोपल्यावर चेतना त्या डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "आता मले तपासा," ती म्हणाली. "मी बरी नाई. कानात आवाज येते. मी शुक्रवारपर्यंत इथं थांबतो. फक्त हात बांधू नका."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी आमचं काय चुकलं?"

लीलाधरला वाटलं, ती हात बांधल्याचं सांगेल, गार्डचं सांगेल.

"दूध सांडत होतं," चेतना म्हणाली. "एक चादर पाहिजे होती."

डॉक्टरचे डोळे भरून आले. रीता सिस्टरने चादर आणली. आठ दिवस उशिरा आणली, पण आणली.

शुक्रवारी मनाचे डॉक्टर आले. बाळंतपणानंतर काही बायांना हा आजार होतो, तो औषधाने बरा होतो, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो, असं त्यांनी चेतनाला समोर बसवून, तिलाच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांनी कानातला आवाज बारीक झाला, मग गेला. लीलाधर तिला आपल्या घरी घेऊन आला. सासरी निरोप गेले, माणसं गेली. शकुंतलाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: भर मांडवात भूत बोललं, हजार लोकांनी ऐकलं.

महाराज कोठडीत गेले तरी त्यांचं एक वाक्य बाहेर हिंडत होतं.

चेतनाला दवाखान्यात नेलं त्या बुधवारपासून सव्विसाव्या दिवशी भुपेंद्र आला. आईला न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा, मोटारसायकलवर खुशीला दुपट्ट्याने पोटाशी बांधून. अंगणात उभा राहून म्हणाला, "माही चूक झाली." चेतनाने लेकरू घेतलं आणि ती आत गेली.

खुशीने तोंड लावलं. ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग ती रडायला लागली, आणि तिचं रडणं थांबेना.

"आटलं दादा," चेतना आतून म्हणाली.

लीलाधर पाळीवर जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला कोणी भूत लागलं म्हणालं नाही.

तिरोड्याकडे अजून सांगतात की तालाबवालीने चेतनाचं दूध शोषून घेतलं. बायांनो, तुम्ही लेकरं पाजलीत, तुम्हीच सांगा. लेकरू सव्वीस दिवस तोडून ठेवलं तर दूध राहील का? त्याला भूत कशाला लागतं? ते आपणच आटवलं: सासूच्या हट्टाने, नवऱ्याच्या मुकेपणाने, भावाच्या एका सहीने, गार्डच्या एका शब्दाने आणि आपल्या सात-आठशे जणांच्या जयजयकाराने. मन आजारी पडतं, जसं शरीर पडतं, आणि ते बरंही होतं. त्याला औषध लागतं, आणि औषध देताना माणसाला नावाने हाक मारावी लागते. दवाखाना ती हाक मारायला विसरला की लोक टेकाड चढतात. म्हणून तीर्थ देणाऱ्याला विचारा, लोटीत काय आहे. सुई देणाऱ्यालाही विचारा. आणि जिला आपण वेडी म्हणतो ती काही सांगत असेल, तर तोंड दाबण्याआधी मूठभर कोंडा पाण्यावर सोडून बघा.

खुशी आता आईजवळ असते. वाटी-चमच्याने गाईचं दूध पिते, अंगाने भरली आहे. वाटी भरली की चेतना आधी एक चमचा स्वतः पिऊन बघते. घटकाभर थांबते. मगच लेकराला पाजते.